येरेवानहून एका दिवसाची सहल: गेघार्दचा मठ, गार्नी आणि तोनिरमधला लवाश

आर्मेनियाला निघालेल्या मराठी मंडळींचे बेत वाचले की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. एकाच दिवसात गार्नी, गेघार्द, सेवान सरोवर, खोर विराप आणि जमलंच तर एचमियाद्झिनही. नकाशावर ही ठिकाणं जवळजवळ वाटतात, पण गेघार्द राजधानी येरेवानच्या पूर्वेला, खोर विराप दक्षिणेला आणि एचमियाद्झिन पश्चिमेला आहे. दर वेळी शहरातून आरपार जावं लागतं. मग प्रत्येक चर्चमध्ये पंधरा मिनिटं मिळतात आणि जेवण म्हणून पेट्रोलपंपावरचा पाव पदरी पडतो. शाकाहारी माणसाला तर तोही कोरडाच खावा लागतो.

म्हणून इथे एकच दिशा पूर्ण सांगतो: येरेवान, गेघार्दचा मठ, गार्नीचं जुनं मंदिर आणि परत. मठ, चर्चच्या चालीरीती आणि तिथली खाद्यपरंपरा एका दिवसात नीट अनुभवायची असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच दिशा घ्यावी असं माझं ठाम मत आहे. अंतर कमी आहे. येरेवान ते गार्नी साधारण २८ किलोमीटर, आणि पुढे त्याच रस्त्याच्या टोकाला गेघार्द. उरलेल्या दोन दिशांबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

## १. आधी दिवस ठरवा, मग गाडी

बहुतेक जण आधी गाडी बुक करतात आणि त्या दिवशी चर्चमध्ये काय आहे हे तिथे पोचल्यावर कळतं. आर्मेनियात चर्चचं कॅलेंडर आणि स्वयंपाकघर एकमेकांना घट्ट बांधलेलं आहे. त्यामुळे वार बघूनच दिवस निवडा.

रविवार. सकाळी पातारग, म्हणजे मुख्य उपासना असते. बहुतेक ठिकाणी ती अकराच्या सुमारास सुरू होते आणि बराच वेळ चालते. ऐकायची असेल तर रविवारच घ्या, पण मग गर्दीची तयारी ठेवा. नवस फेडायला येणारी कुटुंबंही याच दिवशी जास्त असतात. नवसाचा कोंबडा किंवा मेंढा घेऊन येतात, पुरोहित मीठ मंत्रून देतात, आणि पुढे ते मांस शिजवून घरोघरी वाटतात. याला मताघ म्हणतात. बळी चर्चच्या आत दिला जात नाही, पण आवारालगत जनावर बांधलेलं दिसू शकतं. हे पाहणं ज्यांना जड जाईल त्यांनी, विशेषतः लहान मुलं बरोबर असतील तर, रविवार टाळावा.

शनिवार. लग्नं आणि बाप्तिस्मे. चर्चचा गाभा मधेच तासभर अडून राहू शकतो.

बुधवार आणि शुक्रवार. आर्मेनियन चर्चच्या परंपरेत हे उपवासाचे वार. मांस, अंडी, दूध, सगळं वर्ज्य. तरी हॉटेलं त्या दिवशी वेगळं काही रांधतात असं धरून चालू नका.

ईस्टरच्या आधीचे सात आठवडे. हा मोठा उपवास. शाकाहाऱ्यांसाठी वर्षातला उत्तम काळ, कारण येरेवानमधल्या बऱ्याच हॉटेलांत उपवासाचे पदार्थ मुद्दाम ठेवतात. मात्र या काळात चर्चमध्ये वेदीपुढचा पडदा ओढलेला असतो. तो बघून चर्च बंद आहे असं समजून परत फिरू नका.

वार्दावार. ईस्टरनंतर १४ आठवड्यांनी येणारा रविवार, साधारण उन्हाळ्याच्या मध्यावर. त्या दिवशी लोक ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांवर बादल्यांनी पाणी ओततात, आणि गार्नी-गेघार्दच्या रस्त्यावर तर हमखास. मजा घ्यायची तर घ्या, पण फोन आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.

ऑगस्टच्या मध्याचा रविवार. १५ ऑगस्टच्या जवळचा हा रविवार द्राक्षांच्या आशीर्वादाचा. जुन्या रीतीने वागणारी माणसं त्याआधी नवी द्राक्षं तोंडात घालत नाहीत. या दिवशी चर्चमध्ये गेलात तर मंत्रलेली द्राक्षं तुमच्याही हातावर ठेवतील. ती घ्या आणि तिथेच खा.

शांतपणे बघायचं असेल तर मंगळवार किंवा गुरुवार उत्तम. महिने म्हणाल तर एप्रिलअखेर ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये येरेवान तापतं, पण गेघार्द साधारण १,७०० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे हवा सुसह्य असते. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दगडी पायऱ्यांवर बर्फ असतो. त्यामुळे हिवाळ्यात पुढे दिलेल्या वेळापत्रकातून गार्नीखालच्या दरीची फेरी सरळ काढून टाका.

तपासा: तुमची तारीख यातल्या कोणत्या दिवसाला लागते आहे, हे कॅलेंडरवर बघितलं का? ईस्टर दरवर्षी सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा चालणार नाहीत.

## २. गाडी आणि गाईड

तीन मार्ग आहेत. मोठ्या बसची तयार सहल स्वस्त पडते, पण क्रम आणि वेळ त्यांची. ॲपवरून मागवलेली गाडी सोयीची, पण सोबत सांगणारं कुणी नाही. तिसरा मार्ग म्हणजे स्वतःची गाडी आणि इंग्रजी बोलणारा गाईड. चार जण असाल तर खर्च विभागला जातो, आणि या सहलीसाठी मी हाच सुचवेन. गेघार्दच्या भिंतीवरचं कोरीवकाम आणि तोनिर या जमिनीतल्या भट्टीपाशी लवाश ही पातळ पोळी भाजत बसलेल्या बाईंचं बोलणं, दोन्हींना दुभाष्या लागतो.

बुक करण्याआधी एवढं विचारून घ्या:

- आधी गेघार्द आणि मग गार्नी, असा क्रम ठेवता येईल का?
- गेघार्दला निदान दोन तास थांबणार का?
- लवाश भाजताना बघायला मिळणार, की आधी भाजलेला ताटात येणार?
- जेवणाची जागा कोण निवडणार, आणि तिथे मांसाशिवायचं जेवण आधी सांगता येईल का?
- गार्नीचं तिकीट, जेवण, दरीतली जीप यातलं भाड्यात काय धरलं आहे?

उत्तरं लेखी, मेसेजवर घ्या. तोंडी ‘हो हो’ वर विसंबलात तर आयत्या वेळी ड्रायव्हर त्याच्या ओळखीच्या हॉटेलात नेतो.

सावधान: ॲपची गाडी घेऊन गेघार्दला सोडून देऊ नका. मठ रस्त्याच्या शेवटाला आहे आणि तिथून परतीची गाडी मिळणं अवघड जातं. येरेवानहून सुटणारी मिनीबसही गार्नीच्या बाजूपर्यंतच जाते, मठापर्यंत नाही. जाताना जी गाडी घ्याल तिला थांबण्याचे पैसे आधी ठरवून थांबवून ठेवा.

## ३. जेवण आदल्या दिवशीच सांगा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आर्मेनियन जेवणात मांस भरपूर. खोरोवात्स म्हणजे निखाऱ्यावरचं मांस, आणि ते बहुधा डुकराचं असतं. बस्तुर्मा वाळवलेलं गोमांस. खाश गाईच्या पायांचा रस्सा. हारिसा दिसायला गव्हाची खीर वाटली तरी तिच्यात कोंबडी किंवा मेंढी विरघळेपर्यंत शिजवलेली असते. जे गोमांस किंवा डुक्कर खात नाहीत पण बाकी मांसाहार करतात, त्यांनीही प्रत्येक ताटाबद्दल विचारावं.

पण याच स्वयंपाकघरात उपवासाची एक पूर्ण परंपरा आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे आपली माणसं काकडी-टोमॅटोवर दिवस काढतात. ‘पसुत्स’ हा शब्द पाठ करा. पसुत्स म्हणजे चर्चच्या उपवासाला चालणारं: मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणीही नाही. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर खेड्यातल्या स्वयंपाकीणबाई गोंधळतात. ‘पसुत्स’ म्हटलं की त्यांच्या लहानपणापासूनच्या पदार्थांची यादी त्यांच्यापुढे उभी राहते. रशियन समजणाऱ्यांसाठी ‘पोस्तनोये’ हा शब्द आहे.

मागण्यासारखे पदार्थ:

पसुत्स तोल्मा: कोबीच्या पानात गुंडाळलेली कडधान्यं आणि दलिया. नुसतं ‘तोल्मा’ मागितलंत तर द्राक्षाच्या पानातला खिमा येईल, तेव्हा पहिला शब्द विसरू नका.

झिंग्यालोव हात्स: करबाख प्रदेशातली पोळी. आत बारीक चिरलेल्या अनेक पालेभाज्या. जैन मंडळींनी कांद्याची पात आहे का ते विचारावं, बहुधा असते.

अवेलुक: रानातली आंबट पालेभाजी. वेणी घालून वाळवतात आणि वर्षभर वापरतात. सूप किंवा कोशिंबीर.

इच: टोमॅटोत भिजवलेला दलिया.

घापामा: भोपळ्यात भात, सुकामेवा आणि मध भरून भाजतात. वेळखाऊ पदार्थ आहे, आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय मिळत नाही.

स्पास: दह्याचं गव्हाळ सूप. शाकाहारी आहे, पण बऱ्याच घरी त्यात अंडं फोडतात.

सोबत मात्सुन म्हणजे दही, आणि तान म्हणजे मीठ घातलेलं ताक. दोन्ही सगळीकडे मिळतं.

आता बोलायची वाक्यं. ‘मिस चेम उतुम’ म्हणजे मी मांस खात नाही. पण एवढ्यावर थांबू नका, कोंबडी आणि मासा वेगळे सांगा: ‘हाव’ आणि ‘द्झूक’. अंड्याला ‘द्झू’ म्हणतात. मासा आणि अंडं या दोन शब्दांत शेवटच्या ‘क’चाच फरक आहे, त्यामुळे ही दोन नावं फोनवर आर्मेनियन लिपीत लिहून दाखवणं बरं. रश्श्याला ‘आर्गानाक’ म्हणतात. भात, दलिया आणि सूप यांच्याबद्दल हा प्रश्न हमखास विचारा, कारण वरून शाकाहारी दिसणारं ताट मांसाच्या रश्श्यात शिजलेलं असू शकतं.

कट्टर शाकाहाऱ्यांसाठी अजून एक. भाजलेली वांगी, टोमॅटो, मिरच्या ज्या सळ्यांवर आणि जाळीवर भाजतात त्यांवरच मांसही भाजतात. भाज्या आधी आणि वेगळ्या भाजून द्या असं आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक घरी आनंदाने करतात. आयत्या वेळी सांगितलं तर जाळी आधीच वापरलेली असते.

तपासा: गाईडमार्फत जेवणाच्या जागी फोन झाला का? त्या फोनवर तीन गोष्टी नक्की करा: किती माणसं, पसुत्स किती जणांना, आणि तोनिर किती वाजता पेटणार.

## ४. अंगावर काय, पिशवीत काय

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. स्त्रियांनी ओढणी किंवा स्कार्फ ठेवावा. पर्यटकांना डोकं झाकण्याची सक्ती सहसा करत नाहीत, पण उपासना चालू असेल तर झाकणं हीच तिथली रीत आहे. पुरुषांनी आत शिरताना टोपी काढायची.

बूट काढायचे नाहीत. आपल्या सवयीने दारात चपला काढून ठेवणारे बरेच दिसतात. तिथे तशी पद्धत नाही, दगड थंडगार आणि ओलसर असतो, आणि बाहेर ठेवलेल्या चपलांत लोक अडखळतात. घट्ट पकड असलेले बूट घाला.

पिशवीत हलकं जाकीट (दगडात कोरलेल्या खोल्या उन्हाळ्यातही गार असतात), छोटी विजेरी, पाण्याची रिकामी बाटली. रस्त्यांवर आणि गावांत पुलपुलाक नावाचे पिण्याच्या पाण्याचे दगडी नळ असतात, ते पाणी चांगलं आहे. आणि रोख द्राम, तेही सुट्टे. येरेवानमध्ये कार्ड चालतं, पण मेणबत्ती, स्वच्छतागृह आणि रस्त्याकडेच्या आजीबाईंकडची गाता ही गोड पोळी या सगळ्याला नाणी आणि छोट्या नोटाच लागतात.

## ५. सकाळी आठला निघा आणि गार्नी सोडून पुढे जा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बसेस येरेवानहून निघून आधी गार्नीला थांबतात, कारण ते वाटेत लागतं. म्हणून सकाळी गार्नीत गर्दी, आणि दुपारी तीच गर्दी गेघार्दमध्ये. तुम्ही उलट करा. नऊच्या सुमाराला गेघार्दला पोचलात तर मठ जवळजवळ मोकळा मिळतो. आणि परत गार्नीत याल तेव्हा तोनिर तापलेला असतो.

वाटेत चारेंत्सची कमान लागते, वोघ्जाबेर्द गावाजवळ. आकाश स्वच्छ असेल तर तिथून अरारात पर्वत दिसतो. दहा मिनिटं थांबायचं तर सकाळीच थांबा. दिवस चढला की धुकट उष्म्यात डोंगर विरून जातो.

## ६. गेघार्दमध्ये कोणत्या क्रमाने

गाड्यांच्या तळावरून चढ आहे, पाच-सात मिनिटांचा. दोन्ही बाजूला गाता आणि सुकामेव्याच्या टपऱ्या. आत्ता काही घेऊ नका, हातात खाऊ घेऊन आत शिरायचं नसतं. तो परतताना घ्यायचा.

वाटेत कड्याच्या खाचांकडे लोक खडे फेकताना दिसतील. खडा वर टिकला तर इच्छा पूर्ण होते अशी समजूत आहे. फेकायचा तर खाली कुणी उभं नाही ना बघा.

आत शिरल्यावर पुढच्या क्रमाने जा:

पहिलं, बाहेरून. मुख्य चर्च, कातोघिके, १२१५ सालचं. त्याच्या दक्षिणेकडच्या दारावर द्राक्षं, डाळिंबं आणि बैलावर झडप घालणारा सिंह कोरलेला आहे. बहुतेक लोक पश्चिमेच्या दारातून घाईने आत जातात आणि ही बाजू राहून जाते.

दुसरं, गावित. चर्चच्या पुढचा चार खांबांचा सभामंडप. उजेड वरच्या एका झरोक्यातूनच येतो. दोन-तीन मिनिटं हलू नका. डोळे अंधाराला सरावले की छताचं कोरीवकाम दिसायला लागतं. विजेरी नंतर.

तिसरं, झऱ्याची खोली. गावितच्या डाव्या हाताला, पूर्ण कड्यात कोरलेली. आत झऱ्याचं पाणी वाहतं. लोक ते डोळ्यांना लावतात, पितात. जमीन कायम ओली असते, पाय जपून.

चौथं, प्रोश्यान या सरदार घराण्याचं दफनस्थान. तेही कड्यात. भिंतीवर बैलाच्या तोंडात साखळी, तिला बांधलेले दोन सिंह, आणि खाली पंजात कोकरू धरलेला गरुड.

पाचवं, कातोघिकेच्या आत. मेणबत्ती इथे लावा.

सहावं, आणि हेच बरेच जण चुकवतात: वरची खोली. बाहेर येऊन पश्चिमेच्या बाजूने दगडी जिना चढायचा. मग क्रॉस कोरलेल्या भिंतींची अरुंद वाट, आणि पुढे १२८८ सालची खांबांची खोली. इथे आवाज विलक्षण घुमतो. एखादा हलका स्वर लावून बघा, तो किती वेळ टिकतो ते ऐका. मोठ्याने ओरडून बघणाऱ्यांना इथला आवाज कळतच नाही. कोपऱ्यात जमिनीला एक भोक आहे, त्यातून खालची दफनखोली दिसते. मुलांना त्यापासून दूर ठेवा. नशिबाने एखादा गायकवृंद आला आणि त्यांनी शाराकान, म्हणजे जुनी चर्चची स्तोत्रं सुरू केली, तर बोलणं थांबवा, चित्रीकरण विचारून करा, आणि शेवटी काही पैसे द्या.

आतले संकेत थोडक्यात. मेणबत्त्या पातळ, मेणाच्या, नाममात्र किमतीच्या. पैसे पेटीत टाका, दुसऱ्या जळत्या मेणबत्तीवरून पेटवा आणि वाळूच्या तबकात खोचा. वेदीचा उंच चौथरा पुरोहितांसाठी आहे, त्यावर पाय ठेवायचा नाही, फोटोसाठीही नाही. उपासना सुरू असताना समोरून ये-जा करू नका, मागे उभे राहा. बाहेर पडताना आर्मेनियन माणसं वेदीकडे तोंड ठेवून काही पावलं मागे सरत निघतात. तुम्हीही तसं केलंत तर ते त्यांच्या लक्षात येतं आणि आवडतं. पुरोहितांना ‘तेर हाय्र’ म्हणतात. क्रॉस कोरलेले उभे दगड म्हणजे खाचकार. त्यांवर बसू नका, टेकू नका, पिशवी ठेवू नका.

गेघार्द म्हणजे भाला. येशूच्या कुशीत खुपसलेला मानला जाणारा तो पवित्र भाला पूर्वी इथे ठेवलेला होता, आता तो एचमियाद्झिनच्या संग्रहालयात आहे. इथे तो शोधत फिरू नका.

तपासा: निघण्याआधी वरची खोली झाली का? दक्षिणेचं दार झालं का? अकरापर्यंत गाडीत बसायचं आहे.

## ७. टपऱ्यांवर काय घ्यावं

गाता घ्याच. मोठी गोल, नक्षी काढलेली, आत लोणी-साखर-मैद्याचं खोरिझ नावाचं सारण. वरून बहुधा अंड्याचा हात दिलेला असतो, पिठातही अंडं असू शकतं. न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं. चौघांत एक पुरते, कारण पुढे जेवायचं आहे.

त्तु लवाश म्हणजे आंबट प्लम किंवा जर्दाळूचा रस पसरून वाळवलेली पातळ पोळी. आपली आंबापोळी डोळ्यांपुढे आणा, फक्त आंबटपणा जास्त. हा बिनधोक शाकाहारी खाऊ, घरी न्यायलाही उत्तम.

सावधान: सुजुख या नावाने दोन वेगळ्या वस्तू विकतात. दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवतात, तो गोड सुजुख. आणि मसाला भरलेलं, वाळवलेलं गोमांस, तोही सुजुख. दोन्ही लांबट, तपकिरी आणि लटकवलेले असतात. कापून आत अक्रोड दाखवा म्हणा, मगच घ्या.

## ८. गार्नी: आधी भाकरी, मग मंदिर

साडेअकराच्या सुमारास गार्नी गावात, थेट जेवणाच्या घरी जा. मंदिर पळून जात नाही, पण तोनिरची वेळ टळते. जमिनीत पुरलेली ती मातीची भट्टी सकाळीच पेटवतात. ज्वाळा शमून भिंत नीट तापली की घाणा सुरू होतो, आणि पीठ संपलं की संपतो. दोन वाजता जाऊन ‘आम्हाला करून दाखवा’ म्हटलं तर थंड भट्टीपुढे फोटो काढावा लागेल.

काम दोघी-तिघी मिळून चालतं. एकजण बारीक लाटण्याने लाटते. दुसरी ती पोळी हातावरून हातावर फिरवून ताणते, गवत भरलेल्या लांबट उशीवर पसरते, आणि वाकून तोनिरच्या आतल्या भिंतीवर थापते. अर्ध्या ते एका मिनिटात फोड येतात आणि आकड्याने ओढून बाहेर. साध्या लवाशात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर. तरी दूध-लोणी चालत नसेल तर विचारा. युनेस्कोने २०१४ मध्ये ही परंपरा आपल्या यादीत घेतली ती पोळीसोबत ती करण्याच्या या सामूहिक रीतीसाठी, म्हणून ताटात आलेला लवाश खाऊन निघून जाऊ नका. पाऊण तास तिथे बसा. बाईंना ‘तिकिन’ म्हणून हाक मारा, लाटायला मागा. थापण्याचं काम त्यांच्यावरच सोडा.

सावधान: तोनिरचं तोंड जमिनीच्या पातळीवर असतं. ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस बांधून घ्या. मुलांचा हात सोडू नका.

पहिला गरम लवाश हातात आला की त्यात चीज आणि कच्ची हिरवी पानं गुंडाळून तिथेच खा. जांभळी तुळस, तारखून (टॅरागॉन), कोथिंबीर. जेवण नंतर. चीजमधल्या रेनेटबद्दल, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाबद्दल, जे काटेकोर आहेत त्यांनी पानं आणि भाजलेली वांगी गुंडाळावी. लवाश हातानेच तोडतात.

यजमान मल्बेरीची ओघी ओततील. पीत नसाल तर छातीवर हात ठेवून नम्रपणे सांगा आणि तानचा पेला उचलून ‘केनात्स’ म्हणा. काहीच न उचलणं मात्र कोरडं वाटतं. शेवटी सुर्च, छोट्या पेल्यातली कडक कॉफी. तळाचा गाळ प्यायचा नाही.

दोनच्या सुमारास मंदिर. हे चर्च नाही. पहिल्या शतकातलं, ख्रिस्तपूर्व धर्माचं, १६७९ च्या भूकंपात कोसळलेलं आणि १९६९ ते १९७५ या काळात पुन्हा उभारलेलं. इथे तिकीट आहे. नऊ पायऱ्या आहेत, पण प्रत्येक सुमारे ३० सेंटिमीटर उंच, नेहमीच्या जिन्याच्या जवळपास दुप्पट. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं, उतरताना त्रास जास्त होतो. मंदिराला लागून सातव्या शतकातल्या गोल चर्चचा पाया आणि थोडं पुढे स्नानगृहातली रंगीत फरशी आहे. तेवढं बघून निघा.

वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तर खाली आझात नदीची दरी, उभ्या बेसाल्ट खांबांची. अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्या तऱ्हेने घडला, त्याच तऱ्हेचा हा खडक. जाताना उतार सोपा वाटतो, येताना दम काढतो. गावातून जीप मिळते, भाडं जाऊन-येऊन ठरवा. लोंबत्या खांबांच्या अगदी खाली उभे राहू नका. पाचला परतीला लागा.

## ९. दुसरी दिशा घ्यायची असेल तर

दक्षिण: खोर विराप, अरेनी, नोरावांक. पूर्ण दिवस लागतो, नोरावांक येरेवानपासून १२० किलोमीटरच्या आसपास आहे. खोर विरापला सकाळी लवकर जा, अरारात तेव्हाच स्वच्छ दिसतो. आर्मेनियाला ख्रिस्ती धर्म देणाऱ्या संत ग्रेगरींना ज्या खड्ड्यात कोंडलं होतं तिथे अरुंद तोंडातून उभ्या शिडीने सुमारे सहा मीटर उतरावं लागतं. साडी, लांब घागरा किंवा बंद जागेची भीती असेल तर उतरू नका. तुर्कस्तानची सीमा समोरच आहे, ड्रोन काढू नका. नोरावांकच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर कठड्याशिवायचा चिंचोळा जिना आहे. चढणं जमतं, उतरताना गाळण उडते. अरेनीत घरगुती वाइन कोलाच्या बाटल्यांतून विकतात. ती विमानाच्या हातसामानात चालत नाही.

पश्चिम: एचमियाद्झिन आणि झ्वार्तनोत्स. अर्धा दिवस पुरे, रविवारी पातारगला उत्तम. सेंट ह्रिप्सिमे आणि सेंट गायाने ही सातव्या शतकातली चर्चेस मुख्य कॅथेड्रलइतकीच वेळ देण्यासारखी आहेत. झ्वार्तनोत्सचे भग्न खांब विमानतळाच्या बाजूलाच, त्यामुळे ते परतीच्या वाटेवर ठेवा.

## १०. लवाश घरी न्यायचा तर

निघताना यजमानांकडून दहाबारा लवाश मागून घ्या, पैसे द्या. गरम असताना प्लास्टिकमध्ये बांधू नका, घाम येऊन दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. सुती फडक्यात गुंडाळा. मऊ खायचे ते दोन दिवसांत संपवा. उरलेले हॉटेलच्या खोलीत सुटे पसरून कडक वाळू द्या, मग डब्यात रचा. वाळवलेला लवाश महिनोन्‌महिने टिकतो, तिथली घरंही हिवाळ्याची बेगमी अशीच करतात. खायच्या आधी दोन्ही बाजूंनी पाण्याचा हात फिरवायचा, ओल्या फडक्याखाली वीसेक मिनिटं ठेवायचा, आणि मऊ झाला की लगेच वाढायचा. चीज आणि ओली पानं मात्र विमानात नेऊ नका, ती तिथेच संपवा.